डाव्या कानाची मेंढरं

बद्रीनाथला मोजायची सवय लहानपणापासूनची. कन्नडजवळच्या गावात दिवस मावळला की त्याचे वडील, आप्पा, त्याला वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या तोंडाशी उभं करत. एकेक मेंढरू पायाला घासून आत जायचं आणि हा मोजायचा. एखादं कमी भरलं तर जेवण राहिलं बाजूला, आधी रान धुंडाळायचं. पुढं तो वाळूजच्या एका कंपनीत स्टोअरला लागला, तर तिथंही नशिबी तेच: किती आले, किती गेले, किती उरले. इतक्या वर्षांत आपल्या हातून एक बोल्ट इकडचा तिकडं झाला नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि खोटं सांगत नसे.

अशा माणसाच्या मोजणीत सोळा मेंढ्यांचा घोळ व्हावा, हे कुणाला सांगून पटणार नाही. पण झाला. तो त्या मोजायला विसरला, असंही म्हणता येत नाही. त्यानं त्या नीट मोजल्या होत्या, फक्त आपल्या म्हणून मोजल्या होत्या.

मेंढ्या होत्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या, सखूबाईच्या. तिच्या लग्नात आई आवडाबाईनं तिला एक मेंढी आंदण दिली होती. सखूचं सासर लासूर स्टेशनचं; नवरा कारभारी बाजार समितीत हमाली करायचा, त्यांच्याकडं कळप नव्हता. त्यामुळं मेंढी राहिली माहेरच्याच कळपात. त्यांच्यात चालच तशी. लेकीची मेंढी बापाच्या कळपात चरते, तिची पिल्लं लेकीची, लोकर आणि खताचे पैसे राखणाऱ्याचे. ओळखू यावी म्हणून तिच्या वाणातल्या प्रत्येक मेंढीच्या डाव्या कानाचा शेंडा कातरायचा, झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. आणि लेकीनं होऊन विचारायचंही नाही. विचारलं की वाटा मागितला असा अर्थ होतो, आणि वाटा मागितला की माहेर तुटलं. द्यायचं ते भावानं आपण होऊन द्यायचं. सगळा भरवसा भावाच्या तोंडावर. भावानं तोंडच उघडलं नाही तर काय करायचं, हे मात्र त्या चालीत कुणी सांगून ठेवलेलं नाही.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी आप्पांचे गुडघे पार गेले. मेंढरांमागं कोण चालणार, हा प्रश्न आला. बद्रीनाथची नोकरी, त्याचा मुलगा सत्यम शाळेत. कळप विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हाच बद्रीनाथच्या डोक्यात फ्लॅटनं घर केलं. राहायला नव्हे. बजाजनगरात त्याच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात भागत होतं. हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा. मेंढरं गेली तरी दर महिन्याला काहीतरी वाघरीत यावं, असा हिशेब.

कंपनीत तात्यासाहेब म्हणून एक सुपरवायझर होते. त्यांचे शहरात तीन फ्लॅट भाड्यानं होते आणि चौथ्याविषयी ते जेवताना बोलत. बद्रीनाथनं त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. पडेगावला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, अठरा लाख, भाडं सात हजार येईल, असं एजंटाचं म्हणणं होतं. बद्रीनाथ उत्साहानं सांगत होता आणि तात्यासाहेब शांतपणे भजी खात होते.

"भाडं किती येईल हे सगळेच विचारतात," ते म्हणाले. "किती महिने येणार नाही, ते विचारा. एक भाडेकरू गेला, दुसरा यायला महिना-दीड महिना जातो. तेवढं आधीच वजा धरा."

मग त्यांनी एकेक करून सगळं बाहेर काढलं. चौदा लाखांच्या कर्जाचा हप्ता अकराच्या घरात. सोसायटीचा मेंटेनन्स. नळाला पाणी येईल त्या दिवशी खरं, तोवर टँकरची वर्गणी. घरपट्टी. दोन-तीन वर्षांनी रंग. बद्रीनाथच्या मोबाईलवर आकडे उतरत गेले आणि भाड्याचे सात हजार बघता बघता पाचाच्याही खाली आले. राहिलेला हप्ता पगारातून भरावा लागणार, हे उघड झालं.

"मग घ्यावा का नाय?" त्यानं पडेल आवाजात विचारलं.

"घ्या. पहिल्या दिवसापासून नफा देणारं घर आपल्या शहरात मिळत नाही. दहा वर्षांनी भाव वाढेल, तो तुमचा फायदा. फक्त तोवर दम निघायला हवा." तात्यासाहेबांनी हात पुसले. "आणि एक. सुरुवातीचे पाच लाख कुठून आणणार? हातउसने असतील तर त्याचं व्याज धरा. बायकोचं सोनं असेल तर तेही धरा. पैसा कुणाचा आहे, हे आधी लिहायचं."

"घरचाच हाय. मेंढरं इकायचीत."

"सगळी तुमचीच ना? कुणाचं देणं नाही ना त्यात?"

बद्रीनाथला डावे कान आठवले. आठवले नाहीत असं नाही. पण समोर एवढा मोठा माणूस, आकडे नुकते कुठं जुळायला लागलेले. त्यात बहीण, आंदण आणि कान कातरायची चाल कॅन्टीनच्या टेबलावर कशी मांडायची? तात्यासाहेब हसले असते.

"आमचीच," तो म्हणाला.

"मग झालं. बिनव्याजी," असं म्हणून तात्यासाहेब उठले. त्या 'आमचीच'मध्ये बहीणही आलीच की, अशी त्यानं घरी जाताजाता मनाची समजूत घातली.

आप्पांची एकच अट होती. गाभण मेंढ्या खाटकाला द्यायच्या नाहीत, राखणाऱ्यालाच द्यायच्या. लासूरच्या अलीकडं पुंडलिक म्हणून त्यांच्यातलाच एक मेंढपाळ होता. त्यानं अख्खा कळप घेतला. टेम्पो लागला, मेंढरं चढायला लागली. आप्पा काठीवर जोर देऊन उभे होते, ओठ हलत होते. शेवटची मेंढी चढल्यावर ते म्हणाले, "त्यात सोळा सखूची हायेत, बद्री."

"ठावं हाय, आप्पा. तिचं मी बघतो."

"बघशील ना?"

"बघतो म्हणलं ना."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याला पोराच्या शब्दापुढं आणखी काय हवं असतं? वर्षभरात ते गेले. तेराव्याला सखू आली, आईच्या जुन्या पेटीपाशी बसून रडली. बद्रीनाथच्या मनात आलं, आता बोलावं. पण घरात पाव्हणे होते. पुढं भाऊबीज आली. त्यानं तिला जरीची साडी घेतली, नेहमीपेक्षा भारी. ओवाळताना सखूनं त्याच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. तो म्हणाला, "साडी आवडली का?" ती म्हणाली, "लई झ्याक हाय, दादा." एवढंच. बोनस आला की देऊ, असं त्यानं ठरवलं. बोनस आला तो पहिला भाडेकरू दोन महिन्यांचं भाडं बुडवून पळाल्यामुळं हप्त्यात गेला. माणसाला द्यायचं नसलं की कारणं दारात रांग लावून उभी राहतात. आणि बद्रीनाथला द्यायचं नव्हतं, असंही नाही. त्याला आज द्यायचं नव्हतं, एवढंच. रोज आजच असतं, ही त्यातली अडचण.

फ्लॅट रिकामा पडला असताना सखूचा फोन आला. तिची थोरली प्रांजली हुशार निघाली होती. शहरात नर्सिंगला नंबर लागला होता, तीन वर्षांचा कोर्स. वसतिगृहात जागा नव्हती. सासू गोजरबाई नातीबरोबर राहायला तयार होती.

"दादा, तुझी पडेगावची खोली रिकामी हाय म्हणं," सखू म्हणाली, आणि थांबली.

त्या थांबण्यात काय होतं, ते बद्रीनाथला पुढं कितीतरी दिवस कळत राहिलं. तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांपुढं हप्त्याची तारीख होती. तो मोठ्या मनानं म्हणाला, "हाय की! दुसऱ्याला सात हजारानं देतो मी. तू घरची. तू साडेपाच दे."

पलीकडं बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "बरं दादा. कितवीला देऊ?"

"पाचच्या आत दे. हप्ता असतो."

"देते."

फोन ठेवल्यावर बायको सोनिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. तीही मेंढपाळाचीच लेक. डावा कान म्हणजे काय, ते तिला सांगायची गरज नव्हती. "भाड्यानं दिली? सखूताईला?"

"हप्ता काय बहीण बघून थांबतो व्हय? अन् दीड हजाराचं नुकसान सोसलंच की मी."

"अहो, तिच्या मेंढ्या..."

"तिचं मी बघतो म्हणलं ना!" तो ओरडला. सोनिया आत गेली आणि तिनं भांडी जरा जोरात घासली.

सखूसारखी भाडेकरू शहरात दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल. पाच तारखेच्या आत कारभारीच्या मोबाईलवरून पैसे यायचेच. कधी टाळाटाळ नाही, कधी नळ गळतो म्हणून कटकट नाही. तात्यासाहेबांनी सांगितलेला रिकामा महिना तीन वर्षांत एकदाही आला नाही. बद्रीनाथ मोबाईलवरचे आकडे पाही आणि मनातल्या मनात खूश होई. एकदा टँकरच्या वर्गणीसाठी तो पडेगावला गेला, तर गोजरबाई गॅलरीत मटकी निवडत बसलेली. म्हणाली, "या, बसा. आमच्या सुनंची खोली लई हवेशीर हाय."

तो हसला. "खोली माझी हाय, मावशी."

"असंल बाबा," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. बद्रीनाथला वाटलं, वय झालंय, समजेनासं झालंय. आपल्याला सोयीचं नसलं की म्हातारी माणसं लगेच वेडी ठरतात.

प्रांजली पास झाली, एका खाजगी दवाखान्यात तिला नोकरी लागली आणि जेवणाखाणासकट तिथंच राहायची सोय झाली. खोली मोकळी झाली. दरम्यान बद्रीनाथच्या मनात दुसऱ्या फ्लॅटनं चुळबुळ सुरू केली होती. सखूनं सुरुवातीला भरलेलं डिपॉझिट परत करायचं होतं, तेव्हा ते तो स्वतःच घेऊन निघाला. फोनवर पाठवता आलं असतं, पण हातानं दिलेलं बरं दिसतं. शिवाय दुसऱ्या फ्लॅटची बातमीही बहिणीला तोंडानं सांगावी, असा विचार. मोटारसायकलवर वारा लागत होता आणि त्याला स्वतःविषयी बरं वाटत होतं. तसं बरं वाटणं पुन्हा कधी त्याच्या वाट्याला आलं नाही.

घरी कारभारी एकटाच होता, पाठीला शेक घेत. "ती रानात हाय, पाव्हणं. मेंढरांमागं."

"मेंढरं? तुमी कवा घेतली?"

"आमची कुठली. पुंडलिकाची. राखोळीनं राखती. महिन्याचं पैसं मिळत्यात." कारभारीनं विटेचा शेक बाजूला केला. "तीन वरसं झाली की. माज्या हमालीत पोरीची फी निघायची, मंग भाडं कुठनं निघणार?"

बद्रीनाथनं रानाची वाट विचारली. कारभारीनं सांगितलेल्या वाटेनं तो चालत निघाला. कांद्याचं एक रान उकरून मोकळं झालं होतं, तिथं मेंढरं बसवलेली. आधी त्याला हाक ऐकू आली. जिभेच्या टोकावरून सोडलेली, उंच, शेवटी तुटणारी. त्याच्या आईची हाक. त्याचे पाय जागीच थांबले.

सखू पाठमोरी उभी होती. डोक्यावर घोंगडीची खोळ, हातात काठी, टाचा उकललेल्या. आणि तिच्या पायाशी, तिच्या भोवती, डाव्या कानाचा शेंडा नसलेल्या मेंढ्या. चार-सहाच राहिल्या होत्या, म्हाताऱ्या, दात पडलेल्या. बाकीच्या पुंडलिकाच्या खुणेच्या.

त्याला मोजायची सवय होती. त्या सवयीनंच त्याचा घात केला. साडेपाच हजार, तीन वर्षं. दोन लाखाला थोडे कमी. सोळा मेंढ्यांचे त्याला आले होते सव्वा लाख. म्हणजे बहिणीच्या मेंढ्या विकून त्यानं घर घेतलं, तिला ते भाड्यानं दिलं, आणि ते भाडं भरायला ती त्याच मेंढ्या दुसऱ्याच्या म्हणून राखत होती. एवढा हिशेब उभ्या उभ्या क्षणात झाला. तीन वर्षं मात्र तो झाला नव्हता.

सखूनं वळून बघितलं. "दादा! कवा आला? घरी चल, च्या टाकते."

"सखे," तो म्हणाला. "पुंडलिकाकडं काहून आलीस? दुसरं काम नव्हतं का?"

"कांद्याला जात हुते. पर म्हणलं राखायचीच तर आपली राखावी. ह्यास्नी मी ठावी हाय." तिनं एका म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला. "ही आईच्या मेंढीची नात."

त्यानं खिशातलं पाकीट काढलं. डिपॉझिट होतं, दुसऱ्या फ्लॅटच्या टोकनसाठी काढलेले पैसेही होते. सगळंच तिच्यापुढं धरलं. "हे घे. बाकीचं बी देतो. मेंढ्यांचं, भाड्याचं, समदं. माझं चुकलं, सखे. लई चुकलं."

तिनं त्यातलं डिपॉझिट मोजून घेतलं आणि बाकीचे परत त्याच्या हातात ठेवले. रागानं नाही. तो राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"तू भाडं सांगितलंस ना, तवा मला वाटलं आता म्हणशील, सखू, मेंढ्यांतनं वळतं करू. मी थांबले हुते फोनवर. मंग म्हणलं, दादाची काय अडचण असंल." ती काठीनं माती उकरत राहिली. "पैशाचं काय नाय रे. पुंडलिकभाऊ पयल्याच वर्षी म्हणला हुता, राखोळीचं पैसं घेऊ नको, दर साली तुझ्या वाणाचं एक कोकरू घे, पुना कळप उभा राहील. मलाबी तेच पायजे हुतं. पर कोकरावर भाडं कसं भरणार? म्हणून रोख घेतलं."

"मंग आता घे की कोकरू. मी पैसं भरतो पुंडलिकाचं."

"आता कुठनं?" सखू म्हणाली. "झालेली कोकरं समदी बाजारात गेली. अन् मागल्या पावसाळ्यापासनं ह्यातली एक बी गाभण राहिली नाय. म्हाताऱ्या झाल्या. वाण संपला आईचा."

तिनं पुन्हा ती हाक दिली. पुंडलिकाची मेंढरं उठली, त्यांच्यामागून त्या म्हाताऱ्याही सावकाश उठल्या, आणि ती त्यांच्यामागं चालू लागली. थोडं गेल्यावर वळून म्हणाली, "घरी जाऊन बस, दादा. मी आलेच. अन् त्ये पैसं जपून ठेव. दुसरी खोली घेतोयस म्हणं, सोनियावयनी म्हणली. लागतील तुला."

चहा न घेता तो परतला, असं नाही. बसला, चहा घेतला, निघताना तिच्या हातावर पुन्हा पैसे ठेवून बघितले. तिनं ते त्याच्याच खिशात परत सारले आणि सत्यमसाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले.

आठवड्यानं कॅन्टीनमध्ये तात्यासाहेबांनीच विषय काढला. दुसऱ्या फ्लॅटचं कुठवर आलं? जागा चांगली आहे, उशीर करू नका. त्यांनी भज्यांची बशी पुढं ओढली. "आकडे सांगा. हातातले किती, आणि कुणाचे?"

"बहिणीचे हायेत," बद्रीनाथ म्हणाला.

"बहिणीचे? मग व्याज किती मागते ती?"

"मागत नाय. परत घ्यायला बी तयार नाय."

तात्यासाहेब मनापासून हसले. "मग विचार कसला करताय? असा बिनव्याजी पैसा नशिबानं मिळतो. लिहा, शून्य."

बद्रीनाथनं मोबाईल उघडला. व्याजाची रिकामी चौकट समोर होती. त्यानं बोट खाली नेलं आणि तसंच ठेवलं. तात्यासाहेबांची भजी संपली, चहा संपला, भोंगा वाजला, माणसं उठून मशीनकडं गेली, तरी त्याच्या बोटाला ते शून्य काही लिहिता आलं नाही.